दिसायला सारख्या, मेणाने वेगळ्या: मधमाश्या ओळखायची नवी खूण

मागच्या मृग बहारात सांगोल्याच्या बाजूला एका ओळखीच्या बागेत सकाळी साडेआठच्या सुमाराला उभा होतो. डाळिंबाला फुलं चांगली लागली होती. काही फुलं बुडाशी फुगीर, घटासारखी. फळ यांनाच धरतं. काही निमुळत्या बुडाची, घंटेसारखी. ती नुसता पराग देतात आणि गळून जातात. दोन्ही फुलांवर माश्यांची गडबड चालू होती. सातेरी होती. पोटाच्या बुडाशी तांबूस पट्टा असलेली फुलोरी होती. आणि एका फुलात परागाच्या पिवळ्या धुरळ्यात अक्षरशः लोळणाऱ्या तीन काळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या माश्या होत्या.

मी बागवाल्या काकांना विचारलं, "ह्या कुठल्या?"

"ती व्हय? चिलटं हायती, सर. फळाला काय करत न्हाईत."

चिलटं नव्हती ती, माश्याच होत्या. तिघींना काचेच्या नळीत घेऊन भिंगाखाली बघितलं. तिन्ही काळ्या, तिघींच्या मागच्या पायांना परागकण चिकटलेले, पंखांवर तीच चमक. मी रसायनशास्त्र शिकवतो, कीटकांचा तज्ज्ञ नाही. पण ज्यांचं आयुष्य माश्या बघण्यात गेलं त्यांनाही हा प्रश्न नुसत्या डोळ्यांनी सुटेलच असं नाही: ह्या तिघी एकाच प्रजातीच्या, की दोन, की तीन? गेल्या काही दशकांत या प्रश्नाला एक सुंदर वाट सापडली आहे. माशीच्या अंगावर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. तो धुऊन काढायचा आणि त्यात काय काय आहे ते मोजायचं. सोलापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये, कारण लागणारी सगळी उदाहरणं आपल्या घरात, शेतात आणि मागावर आहेत.

डोळे का फसतात

मधमाशी म्हटलं की आपल्यासमोर आग्या, सातेरी, फुलोरी, पोया आणि पेटीतली मेलिफेरा एवढ्या पाचच येतात. जगात मात्र माश्यांच्या २०,००० हून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जणी पोळं बांधत नाहीत, मध साठवत नाहीत. कुणी बांधाच्या मातीत भोक पाडून एकटीच राहते, कुणी वाळक्या काडीत. त्यांतल्या कित्येक इतक्या सारख्या दिसतात की ओळख पंखावरच्या शिरांच्या कोनावर किंवा नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या अवयवांच्या आकारावर ठरते. फुलावर तर बहुधा मादी सापडते. नर मिळाला नाही तर ओळखीचा रस्ताच अर्धा बंद.

आपल्या पोयाचंच घ्या. ही डंख न मारणारी इवली माशी. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत, मीटरच्या पेटीत, झाडाच्या ढोलीत राहते आणि दारापाशी राळेची काळी नळी काढते. तिचं शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. ते १८५४ साली फ्रेडरिक स्मिथ यांनी श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून दिलं. पुढे फार काळ भारतात जी जी लहान काळी डंखविरहित माशी दिसली तिला बहुतेक वेळा हेच नाव लावलं गेलं. अलीकडे अभ्यासकांनी नरांची बारकाईने तपासणी केली तेव्हा या एकाच नावाखाली अनेक प्रजाती नांदत असल्याचं दिसू लागलं.

ऑस्ट्रेलियात पोयाच्याच दोन नातेवाईक आहेत, टेट्रागोनुला कार्बोनारिया आणि टेट्रागोनुला हॉकिंग्सी. कामकरी माश्या शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येत नाही. घर उघडलं की लगेच कळतं: एकीची अंड्यांची घरं गोल जिन्यासारखी वळत वर चढतात, दुसरीची तुटक पायऱ्यांसारखी असतात. आता फुलावर बसलेली एक माशी बघून तिच्या घरातला जिना कसा ओळखणार? आपल्याला ती एकच वाटते. त्या दोघींना मात्र आपण वेगळ्या आहोत हे पक्कं ठाऊक असतं, कारण एक दुसरीच्या घरावर चाल करून ते बळकावते आणि दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो.

अंधाऱ्या भिंतीत, ढोलीत त्या एकमेकींना ओळखतात कशा? त्याचं उत्तर त्यांच्या मेणात आहे.

आधी मेण कशासाठी, ते बघू

भाकरीचं पीठ मळलं की परातीतला मोठा गोळा बराच वेळ ओलसर राहतो. पण परातीच्या कडेला चिकटलेले कण पाच मिनिटांत कडक होतात. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या आकाराच्या मानाने अंग जास्त उघडं, आणि तितकी ती लवकर सुकते. तांदळाच्या दाण्याएवढी माशी म्हणजे परातीच्या कडेचा तो कण. आणि सोलापूरचा मे महिना! पारा ४० अंशांच्या वर असताना ती उडते, पाणी शोधते, घरी परतते. अंगावर मेणाचं अस्तर नसतं तर ती वाळून गेली असती.

या मेणाचा मोठा भाग म्हणजे हायड्रोकार्बन, अर्थात फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. मेणबत्तीतलं पॅराफिन याच कुळातलं. माशीच्या अंगावरच्या साखळ्यांमध्ये साधारण २१ ते ३५ च्या आसपास कार्बनचे मणी, म्हणजे अणू, असतात. गंमत म्हणजे २३, २५, २७, २९ असे विषम आकडेच ठळक दिसतात. याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. माशीच्या शरीरातल्या खास पेशी ही साखळी दोन-दोन मणी जोडत वाढवतात आणि अगदी शेवटी टोकाचा एक मणी काढून टाकतात. सम आकड्यातून एक गेला की उरतो विषम.

सगळ्या साखळ्या सारख्या नसतात. काही अगदी सरळ असतात. काहींमध्ये एका जागी दोन मण्यांमधला बंध दुहेरी असतो आणि तिथे साखळीला बाक येतो. काहींना मध्येच बाजूने एक छोटा फाटा फुटलेला असतो. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. मालदांडीची सरळ ताटं एकमेकांना घट्ट लागून बसतात, पेंढी टणक होते. त्यात चार वाकडी ताटं घातली की पेंढी सैल पडते. मेणाचंही असंच आहे. २३ मण्यांची सरळ साखळी साधारण ४८ अंशांना वितळते, ३१ मण्यांची ६८ च्या आसपास. पण २३ च्याच साखळीला मध्ये एक बाक आला की ती साध्या हवेतही तेलासारखी पातळ राहते. सरळ साखळ्या पाणी अडवतात, वाकड्या साखळ्या थर मऊ ठेवतात. माशीला दोन्ही लागतं.

याच मेणाला दुसरं काम कसं लागलं

आपल्याकडे शेंगाचटणी घरोघरी होते. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ. जिन्नस तेच, तरी डबा उघडला की ही आत्याच्या घरची की शेजारच्या काकूंची हे जेवणारा सांगतो. फरक प्रमाणाचा असतो. एखाद्या घरात एक जिन्नस जास्त, एखाद्या घरात एक मुळीच नाही.

माशीचं मेण म्हणजे तिच्या घराण्याची अशी चटणी. एका माशीच्या अंगावर अनेक प्रकारच्या साखळ्या ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या असतात. कुठली साखळी बनवायची, बाक कितव्या मण्यावर आणायचा, हे तिच्या जनुकांवर ठरतं. दोन प्रजाती वेगळ्या झाल्या की दिसणं बदलायला फार काळ लागू शकतो, पण हे मिश्रण त्याआधीच बदललेलं असू शकतं. या साखळ्या जड असल्याने हवेत फारशा उडत नाहीत. म्हणून दारावरची पहारेकरी माशी समोरच्या माशीच्या अंगावरून आपल्या मिशा फिरवते. आपण त्याला वास म्हणतो, पण खरं तर ते हात लावून चव घेण्यासारखं आहे.

ही भाषा किती नेमकी आहे याची साक्ष मला सगळ्यात जास्त पटते ती एका फुलाची. युरोपात ऑफ्रिस नावाचं ऑर्किड आहे. त्याच्या फुलात मधाचा थेंबही नसतो. पण त्याच्या पाकळीवरच्या मेणात अँड्रिना नावाच्या एकांड्या माशीच्या मादीच्या अंगावरच्याच साखळ्या असतात, जवळजवळ त्याच प्रमाणात. नर ते फूल मादी समजून त्यावर झेपावतो, त्याच्या डोक्याला परागाची गाठ चिकटते आणि पुढच्या फुलावर तो पुन्हा फसतो. हे १९९९ साली रासायनिक मोजमाप करून दाखवलं गेलं. त्याच कुळातलं दुसरं ऑर्किड कोलेटीस नावाच्या वेगळ्या माशीला फसवतं. दोन्ही फुलांच्या साखळ्या लांबीला सारख्याच, पण दुहेरी बंध वेगळ्या मण्यावर. पंचवीस-सत्तावीस मण्यांच्या माळेत एक बाक दोन मणी इकडे-तिकडे, आणि फसणारा नर बदलतो. निसर्गाने केलेला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही.

मधपाळांना ओळखीचं उदाहरणही आहे. व्हरोआ नावाची गोचिडीसारखी परजीवी मूळची सातेरीची. मागच्या शतकात ती मेलिफेरावर गेली. अंधाऱ्या पेटीत हजारो माश्यांमध्ये ती बिनबोभाट राहते, कारण तिच्या अंगावरचं मेण यजमान माशीच्या मेणाशी जुळतं. यजमान बदलला की ते जुळवून घेतं. चोराने घरातल्यांचेच कपडे घालावेत तसं.

मेण वाचतात कसं

माशी एका छोट्या काचेच्या कुपीत ठेवतात. वरून हेक्झेनचे काही थेंब घालतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलच्या कुळातला एक स्वच्छ, भरकन उडून जाणारा द्रव. काही मिनिटांत अंगावरचं मेण त्यात उतरतं. माशी बाहेर काढली की ती दिसायला पहिल्यासारखीच. कुपीत उरतं ते स्वच्छ पाण्यासारखं दिसतं. त्यातलं मेण डोळ्याला दिसत नाही की घरच्या काट्यावर भरत नाही.

आता हे मिश्रण वेगळं करायचं. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र आहे. त्यात साधारण ३० मीटर लांब, केसासारख्या बारीक पोकळीची एक नळी वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते. आतून तिला एक लेप दिलेला असतो. एका टोकाने मिश्रणाचा अगदी छोटा थेंब आत जातो, हीलियम वायू त्याला पुढे ढकलतो आणि भट्टी हळूहळू ३०० अंशांपर्यंत तापत जाते. इथे पंढरीच्या वाटेवरची दिंडी आठवा. सगळे एकाच वेळी निघतात. हलक्या पायाचा पुढे जातो. ज्याला प्रत्येक टपरीवर बसायचं असतं तो मागे पडतो. लहान साखळ्या लेपाला कमी चिकटतात, त्या आधी पोचतात. लांब साखळ्या थांबत-थांबत येतात. दुसऱ्या टोकाला कोण कधी पोचलं याची नोंद होते आणि पडद्यावर एकामागून एक सुळके उठतात. सुळक्याची जागा सांगते साखळी कुठली, सुळक्याचा आकार सांगतो ती किती.

पण वेळेवरून ओळख पक्की होत नाही. दोन वेगळी माणसंही एकाच वेळी पोचतात. म्हणून दाराशी दुसरं यंत्र बसवलेलं असतं. ते येणाऱ्या प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचे तुकडे करतं आणि तुकड्यांचं वजन घेतं. फुटलेल्या माठाच्या खापऱ्या बघून कुंभार सांगतो की हा रांजण होता की सुगड, तसंच हे. दुहेरी बंध नेमका कितव्या मण्यावर आहे हे कळायला आणखी एक युक्ती लागते: आधी गंधक असलेलं एक रसायन त्या बंधावर जोडून घेतात, मग साखळी बरोबर तिथेच तुटते.

हे यंत्र काही परग्रहावरचं नाही. आपल्या भागातली द्राक्षं आणि डाळिंबं परदेशी पाठवताना बागायतदार ज्या रेसिड्यू रिपोर्टची वाट बघत असतो, त्यातल्या बऱ्याच औषधांचे अंश याच जातीच्या यंत्रावर मोजले जातात. फवारणीचा हिशोब ठेवणारं यंत्र माशीची ओळखही सांगू शकतं.

एका माशीचे सुळके बघून मात्र निर्णय होत नाही. बऱ्याच माश्या घेतात, प्रत्येकीतल्या प्रत्येक साखळीचं शेकडा प्रमाण काढतात आणि संगणकाला देतात. तो प्रत्येक माशीसाठी कागदावर एक ठिपका ठेवतो. ज्यांचं मेण सारखं त्यांचे ठिपके जवळ. एकच पुंजका झाला तर बहुधा एकच प्रजाती. मध्ये मोकळी जागा सोडून दोन पुंजके पडले तर मात्र खुर्ची पुढे ओढून नीट बघायची वेळ आली.

पण मेण तर बदलतं, मग त्यावर विश्वास कसा?

सगळ्यात रास्त शंका ही आहे, आणि तिला झटकून टाकणारा माणूस या विषयाचा नव्हे.

मेण बदलतं, हे खरंच आहे. एकाच पेटीतल्या सख्ख्या बहिणींचं सारखं नसतं. आत राहून पिल्लांना भरवणारी कोवळी माशी आणि उन्हात फुलं धुंडाळणारी प्रौढ माशी यांच्या मिश्रणात स्पष्ट फरक सापडतो. बाहेर जाणारीच्या अंगावर पाणी अडवणाऱ्या सरळ साखळ्या वाढतात. राणीचं वेगळं, नराचं वेगळं. पोळ्याच्या मेणाला अंग घासून त्याचा अंश लागतो. पोया झाडांची राळ गोळा करते आणि त्या राळेतली काही द्रव्यं तिच्या अंगावर सापडतात. शिवाय हवामान आहेच. सोलापूरच्या कोरड्या उन्हात राहणारी माशी आणि कोकणातल्या दमट हवेतली तिचीच बहीण यांच्या प्रमाणात फरक पडू शकतो.

मग उपाय काय? उत्तर चादरीत आहे. एकाच डिझाइनच्या दोन सोलापुरी चादरी घ्या, सूत रंगवण्याचा लॉट वेगळा असला तर छटा थोडी हलते. एक चादर दोन वर्षं वापरलेली असली तर ती विटलेली असते. तरी कारागीर दोन्ही हातात घेऊन सांगतो की डिझाइन एकच, कारण तो वीण बघतो. माशीच्या मेणातही काही गोष्टी छटेसारख्या असतात: अमुक साखळी थोडी जास्त की थोडी कमी. काही गोष्टी विणीसारख्या असतात: दुहेरी बंध नवव्या मण्यावर आहे की सातव्या, फाटा फुटलेल्या साखळ्या आहेत की मुळीच नाहीत. ऊन, वय, खाणं यांनी छटा सहज हलते. वीण बदलायला बहुधा जनुकच बदलावं लागतं. चांगला अभ्यासक म्हणूनच विणीवर जास्त भर देतो. तुलनाही सारख्याला सारख्याशी करतो, म्हणजे बाहेर फिरणाऱ्या कामकऱ्यांची बाहेर फिरणाऱ्यांशी, आणि अनेक घरांतल्या, अनेक गावांतल्या माश्या घेऊन. एकाच पेटीतल्या वीस माश्या म्हणजे वीस पुरावे नव्हेत, तो एकाच घराचा पुरावा आहे.

कामातला गलथानपणा हाही एक शत्रू आहे. माशी उघड्या बोटांनी धरली की आपल्या कातडीचं तेल मिश्रणात जातं. प्लास्टिकच्या डबीत हेक्झेन घातलं की डबीतली द्रव्यं उतरतात आणि पडद्यावर भलतेच सुळके उभे राहतात. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याला एकदा "नवं द्रव्य" सापडल्याचा आनंद दोन दिवस झाला होता. ते रबरी बुचातून आलं होतं. त्याच्याइतकाच मीही हिरमुसलो, कारण तपासायला हवं होतं ते मी.

डीएनए असताना हा खटाटोप कशाला?

डीएनएची चाचणी उत्तम आहे आणि ती करायलाच हवी. माश्यांच्या बाबतीत सहसा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. हा तुकडा फक्त आईकडून येतो. कधीकाळी दोन प्रजातींमध्ये संकर झाला असेल, तर एकीचा तुकडा दुसरीत शिरून पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालू राहतो, आणि चाचणी दोघींना एकच ठरवते. नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींमध्ये तो तुकडा अजून बदललेलाच नसतो. उलटही होतं, एकच प्रजाती चाचणीत दोन ठरते. आडनाव बघून घराणं कळतं, पण नेहमी नाही, तसंच काहीसं.

मेणाचं वेगळेपण असं की त्या खुणा आपण शोधलेल्या नाहीत. त्या माश्या स्वतः वापरतात. नर कुणाजवळ जातो, पहारेकरी कुणाला आत घेते, हे ज्यावर ठरतं तेच आपण मोजतो. दोन गटांचं मेण ठळक वेगळं असेल, तर ते एकमेकांत मिसळत नसण्याची शक्यता मोठी, आणि प्रजाती वेगळ्या असण्याचा गाभा तोच आहे.

तरी एकट्या मेणावर नवी प्रजाती जाहीर करणं मला धाडसाचं वाटतं. २०२२ साली पश्चिम घाटातून एपिस करिंजोडियन या काळ्या मधमाशीचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा पंखांच्या शिरांचं मोजमाप आणि डीएनए या दोन्हींचा आधार घेतला होता. असे दोन-तीन साक्षीदार एकच सांगत असले की खटला मजबूत होतो. मेण हा तिसरा साक्षीदार, आणि ज्या प्रकरणात पहिले दोघे गोंधळतात तिथे त्याला बोलवायलाच हवं.

त्यासाठी माशी मारावी लागते का?

बहुतेक वेळा हो. पण मेण धुतल्यावर तीच माशी टाचणीला लावून संग्रहात ठेवता येते आणि तिच्या पायातून डीएनए काढता येतो, म्हणजे एका नमुन्यात तिन्ही साक्षी होतात. आणखी एक मार्ग आहे: खास लेप दिलेला बारीक तंतू जिवंत माशीच्या अंगावर हलकेच घासायचा आणि तो थेट यंत्रात घालायचा. माशी उडून जाते. जुने संग्रहही कामाला येतात. मोठ्या गांधीलमाश्यांच्या वाळवलेल्या नमुन्यांवर सुमारे २० वर्षांनीही हे मेण ओळखण्याजोगं टिकलेलं आढळलं आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या कपाटात धूळ खात पडलेल्या कीटकांच्या पेट्यांकडे त्या नजरेने बघायला हवं. फेकून देऊ नका, एवढीच विनंती.

डाळिंबवाल्याला याचं काय?

पुष्कळ आहे. बहार धरला, फुलं भरपूर आली, तरी सेटिंग, म्हणजे फळधारणा, झाली नाही तर सगळा खर्च मातीत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, इतकं हे पीक आपल्या जिल्ह्याचा कणा आहे. घंटेसारख्या फुलातला पराग घटासारख्या फुलावर नेणाऱ्यांत माश्यांचा वाटा मोठा. त्यांतल्या कुठल्या माश्या किती काम करतात हे मोजायचं तर आधी त्या कोण हे कळायला हवं. वहीत "लहान काळी माशी: ४०" असं लिहिलं आणि त्यात तीन प्रजाती असतील, तर त्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही. एक मातीत घर करत असेल, तिला बांध नांगरला की फटका. दुसरी वाळक्या काडीत राहत असेल, तिला छाटणीची फांदोरी जाळली की फटका. तिसरी भिंतीतली पोया असेल, तिला या दोन्हींनी काही होत नाही. एकाच नावाखाली मोजलं तर एक संपून गेली तरी एकूण आकडा जवळपास तोच राहतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट पेट्यांची. हल्ली पोयाच्या वसाहती लाकडी खोक्यांत भरून एका भागातून दुसऱ्या भागात नेल्या जातात. हौस चांगली आहे, गरजही आहे. पण "पोया ती पोया" म्हणून लांबच्या मुलखातली वसाहत इथे आणली आणि ती वेगळ्या प्रजातीची निघाली, तर स्थानिक पोयाशी तिचं जमेल की घर बळकावायची लढाई होईल, हे आधी कळलेलं बरं. ऑस्ट्रेलियातल्या त्या दोन बहिणींची गोष्ट म्हणूनच इतकी सविस्तर सांगितली. खोकं गाडीत चढवण्याआधी दहा-बारा माश्यांचं मेण तपासणं हे फार मोठं मागणं नाही.

आता त्या तीन माश्यांचं

नळी अजून माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: सांगोला तालुका, डाळिंब, मृग बहार, सकाळी ८.४०, आणि पुढे काकांचा शब्द तसाच, "चिलट", शेजारी प्रश्नचिन्ह. ज्यांना आपल्या बागेतले असे नमुने जमवायचे असतील त्यांनी काचेची नळी घ्यावी. माशीला बोट लावू नये, स्वच्छ चिमटा वापरावा. नळी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, मग नमुना कोरडा ठेवावा, स्पिरिटमध्ये बुडवू नये. अंगावरचं काही त्यात उतरून गेलं तर पुढचं मोजमाप बिघडतं. गाव, तारीख, वेळ आणि फूल लिहायला विसरू नये. चिठ्ठी नसलेली माशी कितीही चांगल्या यंत्रात घातली तरी मुकीच राहते.

तीन माश्यांवर काहीच ठरणार नाही, हे मला माहीत आहे. हस्त बहाराची फुलं लागली की पुन्हा जाणार आहे, या वेळी दोन-तीन वेगळ्या बागांत. काकांना तेवढं सांगून ठेवलंय की विहिरीकडचा बांध, जिथे मातीत काडीएवढी भोकं दिसतात, तो यंदा नांगरू नका. ते म्हणाले, "न्हाई लावत नांगर. पर काय निघतंय ते मला बी सांगा."